हीटर? पुण्यात? कशाला?

‘‘तुझ्या गाडीत पाक सांडलाय का गं?’’

हिंजवडीचा सिग्नल, सकाळचे साडेनऊ आणि मागच्या सीटवरून आलेला हा प्रश्न. आम्ही चौघं एकाच ऑफिसचे. पेट्रोलचे पैसे वाटून घेतो, त्यामुळे गाडीबद्दल बोलायचा हक्क चौघांनाही सारखाच! मी जोरात श्वास घेऊन बघितला. वास होता खरा. गोडसर, जरासा उग्र, सरबताची जुनी बाटली उघडल्यासारखा. मी सगळा दोष एअर फ्रेशनरवर ढकलला. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि विषय संपला.

म्हणजे, संपला असं मला वाटलं.

ही गोष्ट जून २०२३ ची. गाडी २००७ ची. मामाने हौसेने घेतलेली आणि १५ वर्षं जिवापाड जपलेली. २०२२ मध्ये रजिस्ट्रेशनची १५ वर्षं भरली तेव्हा त्याने आरटीओत रिपासिंग करून आणखी ५ वर्षांची मुदत मिळवली. मग स्वतःची नवी गाडी आली, तशी जुनीची चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, ‘‘वापर. पण तिचं ऐकत जा. ती सांगते काय होतंय ते.’’

मी हसले होते. गाडी काय सांगणार?

पुढच्या दोन आठवड्यांत ती चक्क ओरडून सांगत होती. समोरच्या काचेवर आतून एक चिकट थर बसायला लागला. पेपरने पुसला की तेलकट फराटे उठायचे. डावीकडच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं राहायला लागलं. बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं कूलंट दर आठवड्याला बोटभर खाली जायचं आणि मी त्यात माझ्या बाटलीतलं उरलेलं पिण्याचं पाणी ओतून मोकळी व्हायचे. कार्पेटचं म्हणाल तर पावसाळ्यात ओल दिसली की आपण पावसालाच धरतो. मीही तेच केलं. दाराचं रबर गेलं असेल, दुसरं काय?

दहा मिनिटं, दोनशे रुपये

ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजवाल्याने कार्पेटवर बोट फिरवलं, वास घेतला आणि क्षणात निकाल दिला. ‘‘पावसाचं पाणी नाही मॅडम. कूलंट आहे. हीटरची कॉइल लीक झालीय.’’

‘‘मग?’’

‘‘बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड खोलायला लागेल. दोन दिवस गाडी उभी. नाहीतर बायपास मारतो. दहा मिनिटांचं काम, दोनशे रुपये. आणि पुण्यात हीटर लागतो कुणाला?’’

प्रश्न बिनतोड होता. मी आयुष्यात कधी गाडीचा हीटर लावला नव्हता. डॅशबोर्डवरच्या त्या निळ्या-लाल बटणाची लाल बाजू माझ्यासाठी केवळ शोभेची होती. म्हटलं, मारा बायपास!

त्याने काय केलं ते सांगते. इंजिनमधून दोन होज पाइप डॅशबोर्डमागच्या हीटरकडे जातात. एक गरम कूलंट आत नेतो, दुसरा परत आणतो. त्याने दोन्ही पाइप हीटरवरून काढले आणि इंजिनच्या बाजूलाच एकमेकांना जोडून टाकले. कूलंट आता हीटरकडे जाणारच नाही, तर गळणार कुठून? वास गेला. कार्पेट वाळलं. मी भलतीच खूश!

आमच्या ऑफिसात याला ‘वर्कअराउंड’ म्हणतात. मूळ दोष तसाच ठेवायचा, त्याला वळसा घालायचा आणि तिकीट क्लोज करायचं. रोज पाच तिकिटं मी अशीच क्लोज करते. सहावं गाडीचं, एवढंच.

ताम्हिणीत काय झालं...

जुलैतल्या एका शनिवारी आईला घेऊन हरिहरेश्वरला निघाले. मुळशी मागे टाकून ताम्हिणी घाटाला लागलो. पावसाळ्यात ज्यांनी हा घाट पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे पाऊस पडत नाही, ओततो. वर ढग रस्त्यावर उतरलेले. दहा पावलांपुढचं दिसत नाही.

काच आतून धुरकट व्हायला लागली. मी एसी लावून हवेची दिशा काचेकडे वळवली. काच साफ झाली. पण दहा मिनिटांत आई कुडकुडायला लागली. नुकतीच तापातून उठलेली, त्यात केस थोडे भिजलेले. ‘‘अगं, बंद कर तो एसी. हाडं गोठली माझी.’’ बंद केला. मिनिटभरात काच पुन्हा दुधासारखी! परत लावला. आई पदर घट्ट लपेटून बसली. परत बंद केला. एका हातात स्टीअरिंग, दुसऱ्या हातात फडकं, असा कारभार सुरू झाला.

एका वळणावर मी फडकं फिरवलं आणि त्या पुसलेल्या वितीएवढ्या जागेत मला छत्र्या दिसल्या. चार-पाच जणं होती. धबधब्याचे फोटो काढायला गाडीतून उतरून रस्त्यावर आलेली. त्यात एका बाबाच्या खांद्यावर छोटी मुलगी.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. ओल्या रस्त्यावर गाडी थोडी घसरली आणि थांबली. त्यांच्यात आणि माझ्या बंपरमध्ये फार तर एक हात अंतर राहिलं असेल. ती मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिला कळलंच नव्हतं. तिच्या बाबाला कळलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

आईही काही बोलली नाही. तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि घाट उतरेपर्यंत, शहारत, काच पुसत राहिली. एसी लावायला तिनेच सांगितलं.

चूक त्या लोकांची नव्हती का? होती. वळणावर उभं राहायची ती जागाच नव्हती. पण माझी काच साफ असती तर मला ते वीस पावलं आधी दिसले असते. आणि काच साफ ठेवणारी वस्तू मी दोनशे रुपयांत बंद करून घेतली होती.

लाल बटणाचं रहस्य

सोमवारी मामाच्या जुन्या मेकॅनिककडे, कोथरूडच्या काकांकडे गेले. काकांनी बॉनेट उघडलं, जोडलेले पाइप बघितले आणि कपाळावर हात मारला.

‘‘ताई, हीटर काय फक्त थंडीसाठी असतो?’’

‘‘मग कशासाठी?’’

‘‘काचेसाठी!’’

मग काकांनी चहा मागवला आणि माझी शाळा घेतली. ती तुमच्याही उपयोगाची आहे, म्हणून इथे मांडते.

पेट्रोल जळलं की त्यातल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा चाकांपर्यंत जातच नाही, उष्णतेत जातो. ती उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. इंजिन तापल्यावर हे कूलंट साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सियसला असतं. त्यातलाच थोडा प्रवाह डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवलेला असतो. हीच ती हीटरची कॉइल, म्हणजे हीटर कोअर. आकार जाड वहीएवढा. बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये पत्र्याच्या पातळ घड्या. ब्लोअर त्यावरून हवा फेकतो आणि ती गरम होऊन आत येते. म्हणजे जी उष्णता एरवी वायाच जाणार, तीच आपण वापरतो. त्यासाठी वेगळं पेट्रोल जळत नाही.

आयडिया काही आजची नाही. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये अशी सिस्टीम आणली होती. बाहेरची हवा आत घ्यायची, गाळायची आणि इंजिनच्या गरम पाण्याने तापवून गाडीत सोडायची. आजच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचं तत्त्वही तेच. इलेक्ट्रिक गाडीला मात्र ही फुकटची उष्णता मिळत नाही. तिला हवा गरम करायला बॅटरीतली वीज खर्च करावी लागते.

आता काचेचं गणित. आपल्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर जाऊन बसते, तेच ते धुकं. एसी काय करतो? त्याच्या गार कॉइलवर हवेतलं पाणी गोठून नाही, पण थेंब होऊन निथळतं आणि हवा कोरडी होते. हीटर काय करतो? ती कोरडी हवा गरम करतो. गरम हवा जास्त वाफ सामावून घेते, काचही उबदार होते आणि वाफ तिच्यावर बसत नाही. म्हणून पावसात एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे असतात! एसी हवा सुकवणार, हीटर ती ऊबदार करणार. काच साफ आणि आई कुडकुडणार नाही.

सोळा वर्षं ही सोय गाडीत होती. मी एक वर्ष गाडी चालवली आणि मला ती ठाऊकही नव्हती.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. चढावर इंजिनच्या टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर एसी बंद करायचा, हीटर आणि ब्लोअर फुल करायचे आणि सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची. हीटर तेव्हा दुसऱ्या रेडिएटरचं काम करतो आणि थोडी उष्णता बाहेर काढतो. बायपास मारला की हा आधारही जातो.

कॉइल गळली का?

हा प्रश्न मी विचारला आणि पस्तावले. कारण उत्तर मीच होते!

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असतं, ज्याने उकळण्याचं तापमान वाढतं, आणि आतल्या धातूला गंज लागू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. ही रसायनं काळाबरोबर संपत जातात. म्हणून ठरावीक मुदतीनंतर कूलंट बदलायचं असतं. वरून आपण साधं पाणी ओतत राहिलो की ती आणखी पातळ होतात. पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. हीटरच्या नळ्या बारीक, त्यामुळे त्यांना फार सोसत नाही. कॉइल सोळा वर्षांची झाली होतीच, पण उरलंसुरलं काम माझ्या बाटलीने केलं होतं.

आणि तो गोड वास? तो ग्लायकॉलचा. काचेवरचा चिकट थरही त्याचाच. हे प्रकरण विषारी आहे, आणि गोड असल्याने कुत्र्या-मांजरांना चाटावंसं वाटतं. घरात प्राणी असतील तर गळलेलं कूलंट लगेच पुसून, धुऊन टाका.

नाना पेठेची वारी

काकांनी अंदाज दिला. पार्टपेक्षा मजुरी मोठी. कॉइल आणायची जबाबदारी माझी, कारण मॉडेल केव्हाच बंद झालेलं.

शनिवारी नाना पेठ गाठली. स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून. तिसऱ्या दुकानात विचारलं तर प्रश्न आला, ‘‘पाइप कुठल्या बाजूचा? किती एमएमचा? एसीवालं मॉडेल की नॉन-एसी?’’ मी गार! एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये कॉइल वेगळी असू शकते, हे कुणाला माहीत? शेवटी काकांना फोन केला. त्यांनी फोनवरच दुकानदाराशी पाच मिनिटं बोलून पार्टचा नंबर पक्का केला. तुम्ही जाल तेव्हा आरसी बुक आणि चॅसिस नंबर जवळ ठेवा. शक्य असेल तर जुनी कॉइल काढून तीच दुकानात न्या.

एका दुकानात जुन्या गाडीतून काढलेली कॉइल निम्म्या किमतीत मिळत होती. काकांनी फोनवरच नाही म्हटलं. ‘‘डॅशबोर्ड दोनदा खोलायचाय का ताई? इथे पाचशे वाचवून पाच हजार घालवू नका.’’ लॉजिक पटलं. नवी घेतली.

डॅशबोर्डच्या आत

रविवारी सकाळी काम सुरू झालं. मी हट्टाने तिथेच बसले.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडायचं नसतं, आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत. ज्यांच्या गाडीत असतील, त्यांचा डॅशबोर्ड खोलणं हे जाणकाराचंच काम. मग खालून कूलंट काढलं. हिरवं यायला हवं, आलं चहाच्या रंगाचं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

मग ग्लोव्ह बॉक्स, गिअरभोवतीचा कन्सोल, म्युझिक सिस्टीम, मीटर... एकेक भाग निघत गेला. काकांचा पोरगा प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर फोटो काढत होता आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून वर चिठ्ठी लावत होता. ‘‘शेवटी चार स्क्रू उरले की डॅशबोर्ड जन्मभर खडखडतो,’’ काका म्हणाले. एसीची कूलिंग कॉइलही वाटेत येत होती, म्हणून मशीनने एसीचा गॅस काढून घ्यावा लागला. संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीचा नुसता सांगाडा उरला होता. वायरींचं जंगल आणि मध्ये एक काळा प्लॅस्टिकचा खोका.

त्या खोक्यातून जुनी कॉइल निघाली. एका कोपऱ्यात पांढरा-हिरवा बुरा जमलेला. बाकी दिसायला इतकी साधी, की हिच्यासाठी एवढं रामायण?

डॅशबोर्डमागून आणखीही बरंच काही निघालं. पाच रुपयांची दोन नाणी, एक्स्प्रेस वेच्या टोलची पार विटलेली पावती आणि माझी शाळेतली लाल क्लिप. मामा शाळेतून आणायला यायचा तेव्हा मी पुढे बसायचे. ती क्लिप हरवल्याबद्दल आईचा मार खाल्ला होता!

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसली. दोन्ही होज पाइप आणि क्लॅम्प नवे टाकले. अख्खी सिस्टीम साफ पाण्याने धुतली आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. मग सगळ्यात महत्त्वाचं काम. डॅशबोर्ड लावायच्या आधीच इंजिन सुरू करून, हीटर फुल ठेवून, गळती नाही ना हे अर्धा तास तपासलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर निघेपर्यंत कूलंट थोडं थोडं भरत राहायचं. हवा राहिली तर हीटर गार हवा फेकतो आणि इंजिनही तापू शकतं.

काकांनी हीटरचा पंखा सुरू केला. उघड्या खोक्यातून गरम हवेचा झोत चेहऱ्यावर आला. बाहेर पाऊस होता. मी हात पुढे धरले, शेकोटीसमोर धरतात तसे.

हिशेब

कॉइल २,४००. पाइप-क्लॅम्प ७००. कूलंट ९००. एसीचा गॅस १,८००. मजुरी ५,५००. एकूण ११,३०० रुपये. मामा म्हणाला, ‘‘एवढे घालण्यापेक्षा विकायची होतीस.’’ मित्र म्हणाले, एवढ्यात किती कॅबच्या राइड झाल्या असत्या!

खरंय. जुन्या गाडीत पैसे घालायलाही मर्यादा असावी. इंजिन संपलेलं असतं किंवा चेसिस गंजलेली असती, तर मीही विकली असती. पण बाकीची गाडी ठणठणीत होती. आणि विकली असती तरी तो बायपास कुणा दुसऱ्याच्या घाटात गेलाच असता ना? त्याच्या पुढे कुठली छत्री असती, कोण जाणे.

दोनशे रुपयांच्या कामात गॅरेजवाल्याने मला फसवलं नव्हतं. त्याने सांगितलं होतं की बदलायचा पर्याय आहे. सोपा पर्याय मी निवडला, कारण गमावतेय काय ते मला ठाऊकच नव्हतं. वर्कअराउंड वाईट नसतो हो. आणीबाणीत बायपास मारून घरी पोहोचणं शहाणपणाचंच. फक्त त्यानंतर तिकीट क्लोज करायचं नसतं.

तुमची गाडी हे सांगतेय का?

- गाडीत गोडसर वास येतो, हीटर लावला की जास्तच.
- काचेवर आतून चिकट, तेलकट थर बसतो.
- पुढचं कार्पेट ओलं. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असू शकतो. चिकट आणि रंगीत असेल तर हीटर तपासा.
- कूलंट कमी होतंय, पण गाडीखाली थेंबही नाही.
- सेकंडहँड गाडी घेताय? इंजिन तापल्यावर हीटर लावून बघा. गार हवा आली तर बॉनेट उघडून विचारा, ‘‘बायपास आहे का?’’

सप्टेंबरमध्ये पुन्हा ताम्हिणीला गेलो. आई आणि मीच. पाऊस तसाच, ढग तसेच. मी एसी लावला आणि बटण लाल बाजूला फिरवलं. काचेच्या खालच्या कडेपासून धुकं हळूहळू वर सरकत गेलं आणि अख्खा घाट समोर उघडला. त्या वळणावर मी आपोआप हळू झाले. आज तिथे कुणी नव्हतं.

आईने पर्समधून फडकं काढलं होतं. आठवणीने घेऊन आली होती. थोडा वेळ ते तिने मांडीवर ठेवलं, मग घडी करून परत पर्समध्ये टाकलं.